अण्णांची मराठी गेली, मोंढ्यातली बोली उरली : वाचाघाताबद्दल धागा

लेंडीकाठ | १२ जानेवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. उदगीरहून लिहितोय. जरा लांबण लागेल, पण सगळं एकदाच सांगतो. ज्या घरांवर ही वेळ आली आहे त्यांना अर्धवट माहितीचा काही उपयोग होत नाही, हे मी भोगलंय.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, वय ७४. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात-पाय लुळा पडला, तोंड वाकडं झालं आणि वाचा गेली. डॉक्टरांनी सिटी स्कॅन दाखवून सांगितलं, मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त पोचलं नाही, बहुतेक माणसांचा भाषेचा कारभार तिथूनच चालतो. ह्याला वाचाघात म्हणतात, डॉक्टर लोक अफेझिया म्हणतात. ऐकू येतं, जीभ हलते, माणसं ओळखतात, पण शब्द सापडत नाही.

अण्णा चाळीस वर्षं मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका आडतीवर मुनीम होते. घरात मराठी. आजी भालकीकडची, म्हणून लहानपणी तिच्याशी कानडी. आणि सकाळी नऊपासून दिवे लागेपर्यंत दखनी, म्हणजे इकडची उर्दू, कारण हमाल, गाडीवाले, बिदर-जहिराबादचे व्यापारी, सगळ्यांशी तीच बोली. आम्हा पोरांच्या कानावर त्यांची दखनी फार कमी पडली. ती उंबऱ्याबाहेरची भाषा होती.

दवाखान्यात चित्रं दाखवून "हे काय आहे?" असं मराठीत विचारलं. घड्याळ, कंगवा, पेन, फूल. अण्णा चित्राकडं बघायचे, ओठ हलायचे आणि डोळे भरून यायचे. कागदावर लिहिलं : नाव सांगणे ०. तो कागद मी घडी घालून खिशात ठेवला आणि तीन आठवडे असं धरून चाललो की अण्णांपाशी आता एकही शब्द नाही. आम्ही त्यांच्याशी बोलणंच कमी केलं. ही आमची चूक.

मग मोंढ्यातले चाचा भेटायला आले. अण्णांच्या काट्यावर त्यांनी ३० वर्षं पोती चढवली. खाटेशी टेकून म्हणाले, "क्या मुनीमजी, पैचाने नै क्या?" अण्णा म्हणाले, "हौ." स्पष्ट! आई चुलीपुढून उठून आली. नवा मूग नुकताच मोंढ्यात यायला लागला होता. चाचांनी खिशातून मूठभर काढून अण्णांच्या डाव्या तळहातावर ठेवला. अण्णांनी अंगठ्यानं दाणे पसरले, एक दाणा दाताखाली धरला, जसं आयुष्यभर करत आले, आणि म्हणाले, "गीला है." मूग खरंच ओलसर होता.

तेव्हापासून मिळेल ते वाचतोय. एकाहून जास्त भाषा येणाऱ्या माणसाची वाचा गेली तर कुठली भाषा आधी परत येते, हा प्रश्न सव्वाशे वर्षांहून जुना निघाला. फ्रान्सचे रिबो म्हणाले, सगळ्यात आधी शिकलेली टिकते. मग तिथलेच पित्र यांनी १८९५ मध्ये मांडलं की आजाराच्या आधी माणूस जी सगळ्यात जास्त वापरत होता ती आधी येते. अण्णांच्या बाबतीत पित्रचं खरं वाटतं. पण दोन्ही नियमांना बसत नाहीत असे रुग्णही भरपूर आढळले आहेत. बहुतेकांच्या सगळ्या भाषा बरोबरीनंच सुधारतात असंही वाचलं.

माझा प्रश्न असा. मराठवाड्यात एका भाषेचा माणूस शोधावा लागेल. देगलूर-बिलोलीला तेलुगू, उदगीर-निलंग्याला कानडी, तांड्यावर बंजाऱ्यांची गोरमाटी, आणि बाजारात दखनी तर औरंगाबादपासून नांदेडपर्यंत. मग फक्त मराठीत विचारून शून्य लिहिणं बरोबर आहे का? माझं चुकत असेल तर जाणकारांनी सांगावं.

तेरणामाई | १२ जानेवारी, रात्री ११:२५

वाचून घशाशी आलं दादा. माझ्या सासूबाईंचं उलट झालं होतं. त्या भडाभडा बोलायच्या, चाल बरोबर, हातवारे बरोबर, पण शब्दांना अर्थ नाही. आणि आपण विचारलेलं त्यांना कळायचं नाही. हात-पाय शाबूत होते म्हणून लकवा कुणाच्या ध्यानातच आला नाही. गल्लीत म्हणाले वेड लागलं, कुणी म्हणालं बाहेरचं आहे. दोन महिने देवदेव करण्यात गेले. हे पण वाचाघातच का?

नांदेडची_वाणी | १३ जानेवारी, सकाळी ७:१०

मी स्पीच थेरपिस्ट आहे, चौदा वर्षं हेच काम करते. दोघांना उत्तर देते.

तेरणामाई, हो. तो वेर्निकेचा वाचाघात. जर्मन डॉक्टर कार्ल वेर्निके यांनी १८७४ मध्ये असेच रुग्ण वर्णन केले. इजा मेंदूत कानाच्या वरच्या-मागच्या बाजूला असते, हालचालीचा भाग वाचतो, म्हणून हात-पाय चालतात आणि घरच्यांची फसगत होते. अचानक एका दिवसात बोलणं निरर्थक झालं तर आधी मेंदूचा फोटो काढायचा, बाकी सगळं नंतर. तुमचा दोष नाही ताई, गावात हे कुणी सांगतच नाही.

लेंडीकाठ, तुमचं निरीक्षण मोलाचं आहे, फक्त एक गाळणी लावू. "हौ", मोजणी, वारांची नावं, शिव्या, देवाचं नाव हे तोंडात बसलेलं बोलणं असतं. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश डॉक्टर ह्युलिंग्ज जॅक्सन यांनीच दाखवून दिलं की वाचा गेली तरी असं आपोआप येणारं बोलणं मागं राहू शकतं. माझ्याकडे एक आजोबा यायचे, अख्खं भजन तालात म्हणायचे आणि पाणी मागता यायचं नाही. तेव्हा नुसत्या "हौ" वरून दखनी शाबूत आहे असं मी म्हणणार नाही. पण "गीला है" वेगळं आहे. हातातला माल बघून, निवाडा करून, त्या घटकेला जुळवलेलं वाक्य आहे ते. तिथं भाषा चालली.

आता असं करा. घरातल्या-मोंढ्यातल्या २० वस्तू निवडा. एके दिवशी मराठीत विचारा, दोन दिवसांनी दखनीत, मग कानडीत. विचारणारा माणूस त्या त्या भाषेतच अण्णांशी बोलणारा हवा. तुम्ही दखनीत विचारलंत तर त्यांच्या डोळ्यांपुढं तुम्ही मराठीच आहात. एका बैठकीत भाषा मिसळू नका. पहिला आवाज सुचवल्यावर शब्द आला तर वेगळ्या रकान्यात लिहा, ती खूण फार कामाची असते.

चित्रांबद्दल. जगभर वापरली जाणारी बोस्टनची नामचाचणी आहे, ६० रेखाचित्रं. त्यात इग्लू आहे, युनिकॉर्न आहे, बीव्हर आहे. उदगीरच्या मुनीमानं इग्लू का ओळखावा? आपल्याकडे भारतीय भाषांत रूपांतरं झाली आहेत, म्हैसूरच्या वाचा-श्रवण संस्थेत आणि मुंबईच्या अली यावर जंग संस्थेत काम चालतं. तरी तालुक्याच्या दवाखान्यात जे हाताशी असेल तेच वापरलं जातं.

आणि एक विचारायचं राहिलं. अण्णांना पाणी पिताना ठसका लागतो का?

लेंडीकाठ | १३ जानेवारी, दुपारी १:०५

ताई, तुम्ही नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. ठसका लागत नव्हता, म्हणूनच फसलो.

नाकातली नळी काढून घरी आणलं तेव्हा गिळण्याबद्दल कुणी काही बोललं नाही. आई पडल्या पडल्याच चमच्यानं पाणी पाजायची. खोकला नाही, म्हटलं सगळं ठीक. दूध-भाकरी कुस्करून द्यायचो. पाचव्या दिवशी थंडी वाजून ताप, छातीत घरघर. न्यूमोनिया. पुन्हा आठ दिवस ॲडमिट. लकव्यातून वाचलेला माणूस घोटभर पाण्यानं जात होता.

नांदेडची_वाणी | १३ जानेवारी, रात्री ९:३०

हे सगळ्यांनी वाचावं म्हणून सविस्तर लिहिते.

घास घशात उतरतो तो क्षण जेमतेम एक सेकंदाचा असतो. तेवढ्यात श्वास थांबतो, स्वरयंत्र वर आणि पुढं उचललं जातं, त्यावरची झडप मागं झुकते, आतल्या स्वरपट्ट्या मिटतात आणि अन्ननलिकेचं तोंड उघडतं. गळ्याच्या घाटीवर बोट ठेवून आवंढा गिळा, ती वर सरकताना कळेल. लकव्यात हा मेळ बिघडतो. घट्ट घास हळू सरकतो, त्याला सावरायला वेळ मिळतो. पाणी वेगानं उतरतं आणि झाकण पडायच्या आत श्वासनलिकेत शिरतं. म्हणून पाणी सगळ्यात अवघड, आपल्याला वाटतं त्याच्या नेमकं उलट.

आत गेल्यावर खोकला यायलाच हवा असं नाही. घशाची जाणीवच बधिर झालेली असली तर बिनआवाजी शिरतं. पिऊन झाल्यावर आवाज ओला, गुळण्या केल्यासारखा येतो का ते ऐका. जेवताना धाप लागते का, गालात घास साठतो का, वारंवार ताप येतो का, हे बघा. खात्री करायची तर दोन तपासण्या आहेत. बेरियम मिसळलेला घास देऊन चालता एक्स-रे काढतात. दुसरीत नाकातून बारीक दुर्बीण घालून गिळताना घसा बघतात. ही पद्धत सुसान लँगमोर यांनी १९८८ मध्ये मांडली. नाक-कान-घसा विभागात दुर्बीण असते, फक्त ती ह्या कामासाठी मागून घ्यावी लागते.

दूध-भाकरीबद्दल. आपल्याकडे आजाऱ्याला पहिलं तेच देतात, आणि अशा रुग्णाला ते बाधू शकतं. एका घासात पातळ दूध आणि चावायचा तुकडा दोन्ही. चावेपर्यंत दूध मागं ओघळतं. एकजीव, घोटलेलं द्यायचं. ज्वारीच्या कण्या गाठी न ठेवता शिजवून, किंवा गाळलेली आंबील.

बालाघाटी | १४ जानेवारी, सकाळी ८:५०

आंबील किती घट्ट पायजे ते कसं कळावं ताई? माय एक दिवस पातळ करती, एक दिवस पिठल्यावानी.

नांदेडची_वाणी | १४ जानेवारी, सकाळी ९:२०

ह्यासाठी जगभर एकच मोजपट्टी ठरली आहे, ० ते ७ पायऱ्यांची. सुई नसलेली १० मिलीची सिरिंज घ्या, जिच्यावर शून्यापासून दहापर्यंतचं अंतर ६१.५ मिलिमीटर असेल. बोटानं तोंड दाबून दहापर्यंत भरा, बोट काढा, १० सेकंद मोजा. १ ते ४ मिली उरलं तर पहिली पायरी, ४ ते ८ उरलं तर दुसरी, ८ च्या वर उरलं तर तिसरी. अजिबात ठिबकलं नाही तर चौथी, ती चमच्यानंच द्यायची. मायला सिरिंज द्या, रोज एकसारखी आंबील होईल.

पण कुठली पायरी द्यायची हे घरी ठरवू नका. सरसकट सगळं घट्ट करणंही बरोबर नाही. अमेरिकेत पार्किन्सन आणि विसराळूपणाच्या रुग्णांवर मोठा अभ्यास झाला, २००८ मध्ये छापून आला. एका गटाला घट्ट पेय, दुसऱ्याला साधं पाणी पण हनुवटी छातीकडं झुकवून. तीन महिन्यांत न्यूमोनियाच्या प्रमाणात ठळक फरक दिसला नाही, आणि घट्ट पेयवाल्यांच्या अंगातलं पाणी कमी पडण्याचं प्रमाण जास्त निघालं. म्हणून माणूस बघून ठरवावं लागतं. हनुवटीची युक्तीही सगळ्यांना लागू पडत नाही.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी करा : तोंड स्वच्छ ठेवा. दोन्ही वेळ दात, जीभ, गालांच्या आतली बाजू. जपानमध्ये वृद्धाश्रमांत नुसती तोंडाची निगा वाढवली आणि न्यूमोनिया कमी झाला. तंबाखूची मिश्री लावणाऱ्या आज्यांच्या घरी तर ह्यावर भांडूनसुद्धा ऐकवते मी.

रानवाट | १४ जानेवारी, रात्री १०:१५

प्रामाणिक शंका आहे. मेंदूतली जागाच मेली तर मराठी काय आणि दखनी काय, सगळंच गेलं पाहिजे ना? एक राहते, एक जाते, हे कसं?

जुना_वाचक | १४ जानेवारी, रात्री ११:००

रानवाट, ही शंका शास्त्रज्ञांनाही होती. १८६१ मध्ये पॅरिसला ब्रोका यांनी एका रुग्णाचा मेंदू तपासला. तो माणूस अनेक वर्षं फक्त "तां" एवढाच आवाज काढायचा. डाव्या कपाळामागची जागा बिघडलेली दिसली आणि तेव्हापासून तिला ब्रोकाचं नाव पडलं. तो मेंदू कापला नव्हता, जपून ठेवला होता. २००७ मध्ये त्याचा एमआरआय काढला तर इजा खूप खोलवर, जोडणाऱ्या तंतूंपर्यंत गेलेली निघाली. म्हणजे भाषा एका खोलीत कोंडलेली नसते. आणि बहुभाषिकांत भाषा पुसली जाण्यापेक्षा तिच्यापर्यंत जायची वाट बंद होते, नको ती भाषा मागं सारून हवी ती पुढं आणणारा ताबा सुटतो, असं आता बरेच अभ्यासक मानतात. त्यामुळं काही रुग्णांत आज एक, उद्या दुसरी भाषा मोकळी होते.

आपल्या शेजारचं उदाहरण देतो. हैदराबादच्या निम्स रुग्णालयात सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी लकव्याच्या ६०८ रुग्णांचा अभ्यास केला, २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. नंतर ज्यांची बुद्धी-स्मरण शाबूत राहिलं ते द्विभाषिकांत सुमारे ४० टक्के, एकभाषिकांत सुमारे २०. वाचाघाताचं प्रमाण मात्र दोन्हीकडं जवळपास सारखं. दुसरी भाषा आली म्हणून वाचा वाचत नाही, पण सावरायला बळ मिळत असावं. हैदराबादला हा अभ्यास नीट होऊ शकला कारण तिथं शाळेत न गेलेली माणसंही दोन-तीन भाषा बोलतात. आपल्या मराठवाड्याचं वागणं तेच आहे, आणि आपल्याकडं कुणी मोजायला बसलं नाही ह्याचं मला वाईट वाटतं.

किनवटवाला | १५ जानेवारी, दुपारी २:३०

आमी तांड्यावरचे. माझ्या याडीला (आईला) लकवा झाला तवा भाकरीचं चित्र दाखवलं. ती म्हणली "बाटी". म्याडमनी फुली मारली. बाटी म्हंजे आमच्या गोरमाटीत भाकरीच. मी कोपऱ्यात उभा होतो, बोलायची हिंमत नाही झाली. आज हे वाचून कळलं की ती बरोबर होती.

नांदेडची_वाणी | १५ जानेवारी, दुपारी ३:१०

दादा, हे वाचून मी काम थांबवून बसले. त्या फुलीच्या जागी बरोबरची खूण हवी होती. अशा किती फुल्या माझ्याही हातून पडल्या असतील. पुढच्या वेळी कोपऱ्यात उभं राहू नका, खुर्ची ओढून टेबलाशी बसा आणि सांगा. आम्हाला तुमच्यावाचून कळणार नाही.

बालाघाटी | १६ जानेवारी, रात्री ८:००

चुलत्याला दोन वर्षं झाली. समदे म्हणतात सहा महिन्यांत जे यायचं ते येतं, पुढं काई नाई. खरं का?

नांदेडची_वाणी | १६ जानेवारी, रात्री ८:४५

पहिल्या महिन्यांत वेग जास्त असतो हे खरं, दार बंद होतं हे खरं नाही. जर्मनीत २०१७ मध्ये एक अभ्यास छापला गेला. सगळे रुग्ण लकवा होऊन सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ लोटलेले. तीन आठवडे, आठवड्याला किमान १० तास थेरपी दिली आणि रोजच्या व्यवहारातलं बोलणं सुधारलं. ते ७० वर्षांपर्यंतचे रुग्ण होते, हेही सांगते. आपल्याकडं महिन्यातून एकदा बसनं येऊन अर्धा तास बसतात, त्यानं काय होणार? तास भरून काढायचे तर घरच्यांना शिकवावं लागतं, उरलेलं व्हिडिओ कॉलवर.

आणि चुलत्यांचं प्रमाणपत्र काढलंय का? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा-भाषा दिव्यांगत्वाच्या व्याख्येत वाचाघाताचं नाव स्पष्ट लिहिलं आहे. नुसतं हात-पायाचं टक्केवारीत धरतात आणि बोलणं सोडून देतात. जिल्हा रुग्णालयात अर्ज करताना आवर्जून सांगा.

लेंडीकाठ | २ फेब्रुवारी, रात्री ९:५०

ताईंनी सांगितल्याप्रमाणं केलं. २० वस्तू : तराजू, सुतळी, बारदाना, दाभण, चाळणी, मापटं, चष्मा, वही, घोंगडं, तांब्या वगैरे. वस्तू खऱ्या, हातात दिल्या. मराठीत आईनं विचारलं : ३. दखनीत चाचांनी विचारलं : ९, आणि पहिला आवाज दिल्यावर आणखी ४. कानडी राहिलीय.

त्यानंतर चाचा एक दिवसाआड संध्याकाळी येतात, तासभर. आधी दखनीत, उठताना तीच वस्तू आईच्या हाती देतात आणि ती मराठीत विचारते. बोस्टनला स्वाती किरण ह्यांनी द्विभाषिक रुग्णांवर बरंच काम केलंय. एका भाषेत पक्के केलेले शब्द काही जणांत दुसऱ्या भाषेतही उतरतात, सगळ्यांत नाही. आम्ही आशेनं करतोय.

काल आईनं रिकामा बारदाना पुढं केला. अण्णा बराच वेळ त्याची वीण चाचपत राहिले. म्हणाले, "बोरा." आई गप्प बसून राहिली, मीही. ते पुन्हा चाचपायला लागले. मग आईकडं बघून म्हणाले, "पो... पोतं." आणि लगेच, कुणी न विचारता, "फाटलं." कोपऱ्यात खरंच उसवलं होतं. आईनं दाभण आणलं आणि तिथंच शिवायला बसली.

पाणी अजून दुसऱ्या पायरीचंच देतोय. बसवून, छोटे घोट. ताप पुन्हा आला नाही.

किनवटवाले दादा, तुमच्या घरातल्या वस्तूंचे फोटो आणि गोरमाटी नावं इथं टाकाल का? देगलूरकडच्या कुणी तेलुगूची टाकावीत. ताई म्हणाल्या त्या छापून आपल्या टेबलावर ठेवतील. दखनीची यादी चाचा सांगतात तशी मी लिहून घेतोय, ६० शब्द झालेत. भालकीची मावशी रविवारी येणार आहे, कानडीचे आकडे सोमवारी टाकतो.